अपिलाची मुदत टळली तर?



आमच्या अभ्यासवर्गात कायद्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला, वरच्या कोर्टात जायचे होते, पण दिवस निघून गेले. आता काही होईल का? विचारणाऱ्याचा आवाज बहुधा खाली असतो. चूक आपलीच आहे, आता बोलून काय उपयोग, असा भाव त्यात असतो. कित्येक जण तर विचारायलाही येत नाहीत. घर जाते, शेत जाते, आणि "मुदत संपली होती" एवढेच सांगायला उरते.

प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचे उत्तर सोप्या भाषेत मांडत आहोत. उत्तर थोडक्यात असे आहे. मुदत टळली म्हणून दार कायमचे बंद होत नाही. उशीर का झाला हे न्यायालयाला पटवून दिले तर उशीर माफ होऊ शकतो. पण तो हक्क म्हणून मागता येत नाही. न्यायालयासमोर खरे कारण, तारखांचा हिशेब आणि कागदाचा पुरावा घेऊनच जावे लागते. यांपैकी पहिली गोष्ट नसेल तर बाकीच्या दोन्ही कुचकामी ठरतात.

अपिलाच्या पायऱ्या

खालच्या न्यायालयाचा निकाल चुकीचा आहे, तो वरच्या न्यायालयाने तपासावा, अशी मागणी म्हणजे अपील. महाडच्या चवदार तळ्याचा खटला आपणा सर्वांना माहीत आहे. १९२७ साली महाडच्या दिवाणी न्यायालयात विरोधकांनी दावा लावला. १९३१ मध्ये तो फेटाळला गेला. ते ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अपिलात गेले. ते अपील १९३३ मध्ये फेटाळले गेले. मग ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तालुक्याचे न्यायालय, जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय अशा या पायऱ्या आजही बऱ्याच दिवाणी दाव्यांना लागू आहेत.

प्रत्येक पायरीला मुदत आहे. ती मुदतीच्या कायद्यात, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टमध्ये दिलेली आहे. दिवाणी निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करायचे असेल तर ३० दिवस, उच्च न्यायालयात करायचे असेल तर ९० दिवस. फौजदारी खटल्यात शिक्षा झाली असेल तर सत्र न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ६० दिवस. फाशीच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ३० दिवसच मिळतात.

मुदत कशासाठी, असे विद्यार्थी विचारतात. ज्याच्या बाजूने निकाल लागला त्यालाही कधीतरी निर्धास्त झोप मिळाली पाहिजे. वीस वर्षांनी कोणी उठून जुना निकाल उकरून काढू लागला तर कोणाचेच घर कोणाचे राहणार नाही. म्हणून या कायद्याच्या कलम ३ मध्ये असे सांगितले आहे की, समोरच्या पक्षाने हरकत घेतली नाही तरी मुदतीबाहेरचा दावा, अपील किंवा अर्ज न्यायालयाने स्वतःहून फेटाळला पाहिजे. नियम असा कडक आहे. त्याला दिलेली सवलत पुढे कलम ५ मध्ये आहे.

दिवस कसे मोजावेत

उशीर झाला असे म्हणण्यापूर्वी खरोखर झाला का, हे आधी मोजून पाहावे. पुष्कळदा घाबरलेला माणूस मुदतीतच असतो.

ज्या दिवशी निकाल जाहीर झाला तो दिवस मोजायचा नाही. तसेच निकालाची आणि हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल मिळवण्यासाठी लागलेले दिवस वगळायचे. हे कलम १२ मध्ये आहे. उदाहरण घेऊ. निकाल १२ नोव्हेंबरला लागला. तीस दिवस धरले तर शेवटचा दिवस १२ डिसेंबर. पण २० नोव्हेंबरला नकलेचा अर्ज दिला आणि ५ डिसेंबरला नक्कल तयार झाली. हे दोन्ही दिवस धरून १६ दिवस होतात. ते वगळले की शेवटचा दिवस २८ डिसेंबर होतो.

मात्र येथे एक मेख आहे. नकलेचा अर्ज मुदतीच्या आतच दिलेला असला पाहिजे. मुदत उलटून गेल्यावर नकलेसाठी अर्ज केला तर ते दिवस वगळून मिळत नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगतो, अपील करायचे की नाही हे ठरलेले नसले तरी निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज देऊन टाकावा. त्याला फार पैसे लागत नाहीत, आणि दिवस हाताशी राहतात.

शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ज्या दिवशी ते उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येते. हे कलम ४ आहे. करोनाच्या काळातील प्रकरण असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला गेला होता.

कलम ५ काय म्हणते

एवढे मोजूनही उशीर निघाला तर कलम ५ कडे यावे. त्याचा आशय असा की, मुदतीत अपील किंवा अर्ज का करता आला नाही याचे पुरेसे कारण होते अशी न्यायालयाची खात्री पटली, तर मुदतीनंतरही ते अपील किंवा तो अर्ज दाखल करून घेता येतो. यालाच आपण विलंब माफी म्हणतो.

या कलमातील तीन गोष्टी विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवाव्यात. पहिली, ही सवलत अपिलाला आणि अर्जाला आहे, मूळ दाव्याला नाही. दाव्याची मुदत गेली तर कलम ५ उपयोगी पडत नाही. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या, म्हणजे दरखास्तीच्या प्रकरणातील अर्जांनाही ते लागू नाही. दुसरी, खात्री पटवण्याची जबाबदारी उशीर करणाऱ्याची आहे. तिसरी, कारण पुरेसे ठरले तरी माफी देणे हा न्यायालयाच्या विवेकाचा भाग आहे.

ज्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला, त्याने तो रद्द करून मागण्याचा अर्जही ३० दिवसांत करायचा असतो. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हे ३० दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून धरतात. या अर्जाला उशीर झाला तरी कलम ५ चा आधार घेता येतो.

न्यायालय काय पाहते

पुरेसे कारण म्हणजे काय, याची यादी कायद्याने दिलेली नाही. ती निकालांतून समजून घ्यावी लागते.

१९८७ साली जम्मू-काश्मीरमधील अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात अपिलाला फक्त चार दिवस उशीर झाला होता आणि उच्च न्यायालयाने तो माफ केला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने तो माफ केला आणि सांगितले की, मुद्दाम उशीर करून सहसा कोणाचा फायदा होत नाही. उशिरासाठी अपील फेटाळले तर चांगले प्रकरणही उंबरठ्यावरच मरते. प्रत्येक दिवसाचा खुलासा द्यावा याचा अर्थ तासा-मिनिटांचा कीस काढावा असा नव्हे. सामान्य व्यवहारबुद्धीने पाहावे.

१९९८ सालच्या एका प्रकरणात उशीर ८८३ दिवसांचा होता. तोही माफ झाला. उशीर किती दिवसांचा यापेक्षा खुलासा स्वीकारण्याजोगा आहे का, हे महत्त्वाचे, असे सर्वोच्च न्यायालयाने तेथे म्हटले. कधी थोड्या दिवसांचा उशीरही माफ होत नाही आणि कधी मोठा उशीरही माफ होतो, तो याच कारणाने.

आता दुसरी बाजू. २००८ सालचा जळगाव मध्यम प्रकल्पाचा निकाल आपल्या महाराष्ट्रातला आहे. तेथे सरकारी खात्याने १,७२४ दिवस उशिरा अपिले केली होती. आम्हाला निवाड्याची माहितीच नव्हती असे खात्याचे म्हणणे होते. कागदपत्रांवरून माहिती होती असे दिसून आले. उच्च न्यायालयाने दिलेली माफी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. विलंब माफीच्या अर्जात खोटे विधान असेल तर पुढची चौकशी न करताही अर्ज फेटाळण्यास तेवढे पुरे आहे, असा त्या निकालाचा धडा आहे. जेथे सरकारी खात्यालाही खोटे पचले नाही, तेथे तुमचे आमचे काय पचणार?

मावशींचा अर्ज

आमच्या माहितीतील दोन प्रकरणे येथे देतो. नावे आणि गावे मुद्दाम दिलेली नाहीत.

मराठवाड्यातल्या एका मावशींच्या घराच्या जागेवर शेजाऱ्याने ताब्याचा दावा लावला होता. मावशींनी वकील दिला, साक्ष दिली, आणि ऑक्टोबरमध्ये मुलगा-सुनेबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेल्या. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. वकिलांनी फोन केला, पण मुलाचा जुना नंबर बंद झाला होता. शेवटचा दिवस होता २२ डिसेंबर. त्या दिवशी मावशी फडात मोळ्या बांधत होत्या.

१२ एप्रिल २०२३ ला कुटुंब गावी परतले. दुसऱ्या दिवशी शेजारणीने सांगितले, "अगं, तुमचा निकाल कवाच लागलाय." १४ तारखेला जयंतीची सुट्टी, १५ ला वकील बाहेरगावी, १६ ला रविवार. सोमवारी, १७ तारखेला नकलेचा अर्ज दिला. २५ तारखेला नक्कल मिळाली आणि २८ एप्रिलला अपील व विलंब माफीचा अर्ज दाखल झाला. एकूण उशीर १२७ दिवस.

मावशींना वाटत होते की न्यायाधीशांसमोर आपण रडून सांगावे. आम्ही म्हटले, "मावशी, रडू नका. मुकादमाची चिठ्ठी आहे का?" उचल घेतल्याची चिठ्ठी निघाली. ट्रंकेत कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या निघाल्या, त्यांवर तारखा होत्या. नातवाला गावी हंगामी वसतिगृहात ठेवल्याचा शाळेचा दाखला मिळाला. मुकादमाने शपथपत्र दिले. १५ तारखेला वकील बाहेरगावी होते हेसुद्धा अर्जात लिहिले.

समोरच्या वकिलांनी कडाडून विरोध केला. मोबाईलच्या काळात निकाल कळला नाही हे कोणाला पटेल, असे ते म्हणाले. न्यायालयाने पावत्या पाहिल्या, परतल्यापासून अपील दाखल होईपर्यंतचे सोळा दिवस पाहिले, आणि शेजाऱ्याला एक हजार रुपये खर्च देण्याच्या अटीवर उशीर माफ केला. मावशींनी ते पैसे आठवड्याच्या आत भरले. अपिलाचा निकाल काय लागायचा तो लागो. परंतु मावशींचे म्हणणे ऐकले जाणार, एवढे त्या १२७ दिवसांच्या हिशेबाने त्यांना मिळवून दिले.

दुसरा अर्ज आणि आमची चूक

दुसरे प्रकरण सांगताना आम्हाला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे.

एका तरुणाची वडिलोपार्जित दीड एकर जमीन दाव्यात गेली. अपिलाचा शेवटचा दिवस ३१ मार्च होता. त्याला निकाल २८ मार्चला कळला आणि दुसऱ्याच दिवशी तो आमच्याकडे आला. त्या दिवसांत आम्ही सर्व जण जयंतीच्या तयारीत होतो. वर्गणी, मंडप, मिरवणुकीचा परवाना अशी कामे होती. आम्ही त्याला म्हणालो, "जयंती पार पडू दे, मग निवांत वकिलांकडे जाऊ." तो आमच्या शब्दावर थांबला.

२४ एप्रिलला अपील दाखल झाले. उशीर फक्त २४ दिवसांचा. पण या दिवसांचा खुलासा काय द्यायचा? कोणीतरी सुचवले की आजारपणाचा दाखला जोडा, कोर्टात तेच चालते. ३० मार्च ते २० एप्रिल कावीळ, अंथरुणावर सक्त विश्रांती, असा दाखला मिळवला गेला आणि त्यावर शपथपत्र झाले.

समोरच्या पक्षाने स्थानिक वर्तमानपत्राचा अंक हजर केला. त्यात १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे छायाचित्र होते. लेझीम पथकाच्या अग्रभागी तोच तरुण होता. त्याच्या मागे आम्हीही उभे होतो.

अर्ज फेटाळला गेला. त्याबरोबर अपीलही गेले.

खरे सांगितले असते तर काय झाले असते? निकाल २८ तारखेला कळला, मुदत किती असते हे ठाऊक नव्हते, संस्थेतील जाणत्या माणसांना विचारले, त्यांनी थांबायला सांगितले, म्हणून थांबलो. हे कारण फार बळकट नव्हते. माफी मिळालीच असती असे आम्ही म्हणत नाही. पण ते खरे होते आणि त्यासाठी आम्ही स्वतः शपथपत्र देऊ शकलो असतो. २४ दिवस माफ होण्याची आशा होती. खोट्या दाखल्याने ती आशा संपवली. शिवाय खोटे शपथपत्र करणे हा गुन्हा आहे, हे वेगळेच.

त्या वर्षापासून आम्ही एक नियम केला. कोर्टाचा कागद घेऊन कोणीही आला, मग जयंती असो, लग्नघर असो की मयत असो, त्याला "नंतर या" म्हणायचे नाही. नोंदवहीत त्याच दिवशी तीन गोष्टी लिहायच्या: निकालाची तारीख, कळल्याची तारीख, शेवटचा दिवस. आणि त्याला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वकिलाकडे धाडायचे.

अर्जात काय लिहावे

दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने आदेश ४१ मध्ये नियम ३-अ घालण्यात आला. त्यानुसार मुदतीनंतरच्या अपिलासोबतच विलंब माफीचा अर्ज आणि त्याच्या पुष्ट्यर्थ शपथपत्र द्यावे लागते. अर्ज वकील तयार करतात. पण त्यातील मजकूर पक्षकाराच्या तोंडून आणि ट्रंकेतून येतो. वकिलाकडे जाताना पुढील माहिती तयार ठेवावी.

१. निकालाची तारीख, नकलेच्या अर्जाची तारीख, नक्कल मिळाल्याची तारीख, अपिलाचा शेवटचा दिवस आणि एकूण उशिराचे दिवस. आकडा बरोबर असावा. चुकीचा आकडा दिला की पहिल्याच पानावर विश्वास जातो.

२. निकाल लागल्यापासून अपील दाखल होईपर्यंत कोणत्या काळात आपण कोठे होतो, काय करत होतो. शेवटच्या दिवसानंतरचाच खुलासा पुरेसा, असे काही निकालांत मानले गेले आहे. तरीही सुरक्षित मार्ग म्हणजे निकालाच्या तारखेपासून सलग हिशेब देणे. मध्ये भोके ठेवू नयेत.

३. प्रत्येक काळाला एक तरी कागद. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, मृत्यूचा दाखला, कामाच्या ठिकाणची हजेरी, प्रवासाचे तिकीट, पूर किंवा आगीचा पंचनामा, टपालाचा लखोटा. कागद नसेल तर माहितगार माणसाचे शपथपत्र.

४. कळल्यानंतर आपण किती लवकर हालचाल केली. आमच्या अनुभवात न्यायालय यालाच सर्वांत जास्त महत्त्व देते. कळल्यावरही महिना-दीड महिना घरी बसलेल्या माणसाला, आधी कळले नाही, हे कारण तारत नाही.

५. अपिलात दम का आहे, हे दोन-चार वाक्यांत. उशीर माफ केला नाही तर कोणते नुकसान होईल, तेही लिहावे.

"घरगुती अडचणींमुळे", "आर्थिक परिस्थितीमुळे", "अज्ञानामुळे" असे एका ओळीचे ठोकळेबाज कारण लिहू नये. अडचण कोणती, कोणत्या तारखेची, ती कधी संपली, हे लिहावे. गरिबी हेसुद्धा कारण होऊ शकते, पण तिचाही तपशील हवा. वकिलांची चूक असेल तर ती सभ्य शब्दांत आणि पुराव्यासह लिहावी. वकिलांच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली एका प्रकरणात म्हटले आहे. परंतु वर्षानुवर्षे वकिलाकडे चौकशीच न करणाऱ्याला हा आधार मिळतोच असे नाही. पक्षकारानेही जागे राहिले पाहिजे.

काही सावधगिरीच्या गोष्टी

विलंब माफीचा अर्ज दिला म्हणजे निकालाला स्थगिती मिळाली, असा समज आहे. तो चुकीचा आहे. अपील दाखल झाल्यानेही अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. विलंब माफीचा प्रश्न सुटून न्यायालयाने अपील ऐकायचे ठरवल्याशिवाय हुकूमनाम्याला स्थगिती देता येत नाही, असे त्याच नियम ३-अ मध्ये आहे. म्हणून दरखास्त लागली असेल, बेलीफ येण्याची शक्यता असेल, तर अर्ज तातडीने ऐकावा अशी विनंती वकिलामार्फत करावी. अर्जाच्या नोटिसा समोरच्या पक्षाला लवकर बजावल्या जातील हेही पाहावे.

सातबारा आणि फेरफाराची प्रकरणे दिवाणी न्यायालयात नव्हे, तर महसूल अधिकाऱ्यांकडे चालतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांहून खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत ६० दिवस आणि इतर बाबतीत ९० दिवस आहे. ती आदेश अपीलकर्त्याला मिळाल्यापासून मोजतात. तेथेही पुरेसे कारण दाखवल्यास कलम २५१ खाली उशीर माफ होतो. ज्या फेरफाराची नोटीस आपल्याला कधी मिळालीच नाही, त्याची माहिती कधी आणि कशी झाली, हे तेथे स्पष्ट लिहावे.

काही खास कायद्यांत माफीलाही वरची सीमा घातलेली आहे. लवादाच्या निवाड्याविरुद्ध अर्जाला तीन महिने आणि त्यावर फार तर ३० दिवस मिळतात, त्यापुढे नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १४-अ मध्ये अपिलाला ९० दिवस दिले आहेत आणि १८० दिवसांनंतर अपील घेता येणार नाही असेही लिहिले आहे. ही वरची सीमा अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. तरी त्या भरवशावर कोणी बसू नये. मोटार अपघात भरपाईच्या निवाड्याविरुद्ध उच्च न्यायालयात ९० दिवस आणि जिल्हा ग्राहक आयोगाच्या आदेशाविरुद्ध राज्य आयोगात ४५ दिवस, असे निरनिराळे हिशेब आहेत. आपल्या प्रकरणाला कोणता कायदा लागू आहे, हे पहिल्याच भेटीत वकिलांना विचारावे.

विलंब माफीचा अर्ज फेटाळला गेला तरी त्याविरुद्ध वर जाता येते. पण त्यालाही मुदत असते. एकदा ठेच लागलेल्याने दुसऱ्यांदा उशीर करू नये.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका

उशिराचे सर्वांत मोठे कारण आम्हाला दिसते ते म्हणजे वकिलाच्या फीची जमवाजमव. त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीचा लाभ बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही खुला झाला, हे आपल्या सभासदांनी ध्यानात ठेवावे. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे.

तालुक्याला तालुका विधी सेवा समिती आणि जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयाच्या आवारातच असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. तेथे अर्ज दिल्यावर पोच जरूर घ्यावी. वकील नेमून मिळेपर्यंत काही दिवस गेले तर त्यांचा खुलासा त्या पोचेवरून देता येतो. तुरुंगात असलेल्याला अपील तुरुंग अधिकाऱ्यांमार्फत पाठवता येते.

घरात शिकलेले मूल असेल तर त्याच्याकडे एक काम सोपवावे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईलवरील ॲपमध्ये प्रकरणाचा क्रमांक टाकून आठवड्यातून एकदा तारीख पाहायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. तसेच फोन नंबर बदलला की वकिलांना त्याच दिवशी कळवायचे. मावशींचे १२७ दिवस एका बंद नंबरामुळे गेले.

समारोप

कायदा जागत्याला साथ देतो असे म्हणतात. पण ऊसतोडीला गेलेली बाई झोपलेली नव्हती, ती कामावर होती. हा फरक न्यायालयाला दाखवता यावा यासाठीच कलम ५ आहे. तो फरक खऱ्या कागदांनी दाखवावा लागतो. उशीर माफ होऊ शकतो, खोटेपणा माफ होत नाही. आणि ज्याला विचारायला माणसे आली, त्याने त्यांना थांबवून ठेवू नये. हा धडा आम्ही दुसऱ्याच्या दीड एकराच्या मोलाने शिकलो आहोत. वाचकांना तो फुकट मिळावा म्हणून हा लेख.

अभ्यासासाठी प्रश्न

१. निकाल ५ जूनला लागला. १० जूनला नकलेचा अर्ज दिला, १९ जूनला नक्कल तयार झाली. जिल्हा न्यायालयात अपिलाचा शेवटचा दिवस कोणता?

२. कलम ५ मूळ दाव्याला का लागू पडत नाही, यावर वर्गात चर्चा करा.

३. मावशींच्या अर्जातील कोणता कागद तुम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो? का?

४. त्या तरुणाचा अर्ज खऱ्या कारणासह तुम्ही कसा लिहिला असता? एका पानात लिहून आणा.

५. आपल्या घरात किंवा शेजारी चालू असलेले एखादे प्रकरण असेल तर त्याची पुढची तारीख आजच पाहून घ्या.